तहाचे पाच डॉलर आणि कलम ३५

कॅनडाच्या मॅनिटोबा, सस्कॅचवान, अल्बर्टा या प्रांतांत दर उन्हाळ्यात ठिकठिकाणी ‘ट्रीटी डे’ भरतो. गावच्या सभागृहात टेबल मांडलेले असते. मागे सरकारी कर्मचारी यादी घेऊन बसतो आणि शेजारी लाल अंगरखा घातलेला पोलीस उभा असतो. रांगेतले नाव यादीत सापडले, की त्या माणसाच्या हातावर पाच डॉलरची नोट ठेवली जाते. घरात सहा माणसे असली तर तीस डॉलर. टोळीच्या प्रमुखाला पंचवीस, त्याच्या साहाय्यकाला पंधरा. ही रक्कम १८७०च्या दशकात ठरली. महागाईप्रमाणे ती वाढवण्याची तरतूद कागदावर नव्हती, म्हणून ती तशीच राहिली. पाच डॉलरमध्ये आज धड जेवणही होत नाही. तरी म्हाताऱ्या बायका नातवंडांना घेऊन रांगेत उभ्या राहतात, कारण ती नोट घेणे म्हणजे तह अजून जिवंत आहे याची सरकारकडून दर वर्षी कबुली घेणे.

अशा तहांना राज्यघटनेत जागा द्यावी का, दिली तर त्यातून काय साधते, हा प्रश्न आज जगातल्या बऱ्याच देशांपुढे आहे. कॅनडाने १९८२मध्ये ती दिली. त्या घटनेच्या पस्तिसाव्या कलमाचा आशय असा: कॅनडाच्या मूलनिवासी जनसमूहांचे विद्यमान पारंपरिक हक्क आणि तहांतून आलेले हक्क मान्य व दृढ करण्यात येत आहेत. मुख्य वाक्य एवढेच. हक्क कोणते, किती, ते कोणी ठरवायचे, यावर कलम गप्प आहे. गेली चाळीसहून अधिक वर्षे कॅनडाची न्यायालये या एका वाक्याचा अर्थ लावत आहेत. त्या साऱ्या प्रवासाकडे पाहून माझे मत असे झाले आहे की, या कलमाने मूलनिवासींच्या हातात एक खरे हत्यार दिले. पण ते उचलण्याचा सगळा खर्च आणि सगळा पुरावाही त्यांच्याच डोक्यावर ठेवला. ज्याला वचन दिले त्यानेच ते पुन्हा पुन्हा सिद्ध करायचे, आणि ज्याने दिले त्याने दर वेळी हरकत घ्यायची, असा हा व्यवहार आहे.

मुळापासून पाहायचे तर १७६३पर्यंत मागे जावे लागते. फ्रेंचांशी युद्ध जिंकल्यावर इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जने त्या वर्षी ७ ऑक्टोबरला एक जाहीरनामा काढला. मूलनिवासींच्या ताब्यातली जमीन त्यांची आहे, कोणाही खासगी माणसाने ती विकत घेऊ नये, विकायचीच असेल तर त्यांनी भर सभेत ती फक्त राजसत्तेला विकावी, असे त्यात म्हटले होते. पुढल्या वर्षी नायगाऱ्यापाशी सर विल्यम जॉन्सन यांनी सुमारे दोन डझन राष्ट्रांच्या प्रतिनिधींना बोलावून हा जाहीरनामा समजावून सांगितला. शिंपल्यांच्या मण्यांचे विणलेले पट्टे, म्हणजे वाम्पम, दोन्ही बाजूंनी दिले-घेतले गेले. त्यांच्या दृष्टीने हे पट्टे म्हणजेच तहाचा दस्त. जॉन बॉरोज हे अनिशिनाबे समाजातले नामवंत कायदेपंडित या नायगारा सभेवर मोठा भर देतात. नुसता जाहीरनामा वाचला तर राजाने कृपा केली असे वाटते. सभा ध्यानात घेतली तर तो दोन पक्षांमधला करार ठरतो. मला त्यांचे म्हणणे पटते. राजाची एकतर्फी कृपा असती, तर त्यासाठी माणसे दूरदूरहून नावा वल्हवत आली नसती.

त्यानंतरचे तह एकाच जातीचे नाहीत. अटलांटिक किनाऱ्यावर मिगमाक लोकांशी १७६०-६१मध्ये झालेले तह मैत्रीचे आणि व्यापाराचे होते. त्यांत जमीन सोडल्याचा शब्दही नाही. ह्यूरन आणि सुपिरियर सरोवरांच्या उत्तर तीरावर १८५०मध्ये झालेल्या रॉबिन्सन तहांत जमिनीच्या बदल्यात वार्षिक रक्कम ठरली. मग १८७१पासून १९२१पर्यंत प्रेअरी आणि उत्तरेत अकरा क्रमांकित तह झाले. पाच डॉलरची नोट या तहांतली. ब्रिटिश कोलंबियाच्या बहुतेक भागात मात्र तह झालाच नाही. जमीन सरळ घेतली गेली. आजचे सगळ्यांत गाजलेले खटले तिथूनच येतात ते याचमुळे.

यांतला सहावा तह जरा जवळून पाहू. १८७६चा ऑगस्ट महिना, नॉर्थ सस्कॅचवान नदीकाठचा फोर्ट कार्लटन. सरकारच्या बाजूने लेफ्टनंट गव्हर्नर अलेक्झांडर मॉरिस. समोर क्री लोक. बायसनचे कळप झपाट्याने संपत चाललेले, देवीच्या साथीने माणसे मेलेली. पाउंडमेकर या तरुण नेत्याने तिथेच हरकत घेतली: जमीन आमची, तिचे तुकडे करून आम्हांलाच परत देणारे तुम्ही कोण? पण पुढचा हिवाळा दिसत होता. वाटाघाटीत क्री लोकांनी दोन गोष्टी मिळवल्या, ज्या आधीच्या पाच तहांत नव्हत्या: दुष्काळ किंवा साथ आली तर मदत, आणि प्रत्येक सरकारी एजंटाच्या घरी औषधांची पेटी. ही पेटी पुढे कोर्टात गेली. १९३५मध्ये एका न्यायालयाने तिचा अर्थ सर्व औषधे मोफत असा लावला. १९६६मध्ये सस्कॅचवानच्या अपील न्यायालयाने पेटी म्हणजे पेटी, एवढाच अर्थ धरला. वाटाघाटी क्री भाषेत, दुभाष्यांमार्फत झाल्या होत्या. कागद मात्र इंग्रजीत, आणि त्यात जमीन कायमची सोडून दिल्याचे कायदेशीर शब्द होते. जमीन वाटून वापरायची, नांगराच्या फाळाच्या खोलीइतकीच द्यायची, असे आपल्या आजे-पणजांनी समजून सही केली, हे क्री वृद्ध आजही सांगतात. बिग बेअर या नेत्याने सहीच केली नाही. १८८२मध्ये माणसे उपाशी मरू लागली, तेव्हा त्याला करावी लागली.

त्याच १८७६ साली ओटावात इंडियन ॲक्ट मंजूर झाला. तहात जे बरोबरीचे पक्ष होते त्यांना या कायद्याने सरकारचे पाल्य करून टाकले. पुढे पॉटलॅचसारख्या समारंभांवर बंदी आली. मुले वसतिशाळांत नेली गेली. तिथे सुमारे दीड लाख मुले गेल्याचे सत्य व समेट आयोगाने नोंदवले आहे. आणि १९२७ ते १९५१ या काळात जमिनीच्या दाव्यासाठी वर्गणी गोळा करणे किंवा वकील देणे हाच गुन्हा होता. आज कोणी विचारते की इतक्या जुन्या तक्रारी घेऊन हे लोक आत्ताच का कोर्टात येतात. त्याचे उत्तर या चोवीस वर्षांच्या बंदीत आहे.

कलम ३५ हे सरकारच्या उदारपणातून आले असे म्हटले जाते. ते खरे नाही. १९६९मध्ये पियर त्रुदो यांच्या सरकारने एक श्वेतपत्रिका काढली. इंडियन ॲक्ट रद्द करायचा, तह गुंडाळायचे, सगळे नागरिक सारखे, असा तिचा सूर होता. हॅरल्ड कार्डिनल या अल्बर्टातल्या तरुण क्री नेत्याने त्यावर पुस्तक लिहिले आणि देशभर विरोध उसळला. पत्रिका मागे घ्यावी लागली. १९७३मध्ये निस्गा लोकांच्या फ्रँक काल्डर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सातांपैकी सहा न्यायाधीशांनी मान्य केले की वसाहत येण्याआधीपासूनचा जमिनीवरचा हक्क कायद्यात असू शकतो. तो अजून टिकून आहे का यावर तीन विरुद्ध तीन अशी फूट पडली आणि सातव्याने तांत्रिक कारणावर निकाल दिला. काल्डर खटला हरले, पण सरकारला वाटाघाटीची दारे उघडावी लागली. निस्गांचा तह लागू व्हायला मात्र २०००चा मे महिना उजाडला.

१९८०मध्ये त्रुदो ब्रिटनकडून घटना मायदेशी आणायला निघाले, तेव्हा मसुद्यात मूलनिवासींच्या हक्कांना नीट जागा नव्हती. जॉर्ज मॅन्युएल यांच्या नेतृत्वाखाली नोव्हेंबरमध्ये व्हँकुव्हरहून ओटावाकडे खास आगगाड्या सुटल्या. त्यांचे नाव ‘कॉन्स्टिट्यूशन एक्स्प्रेस’. वृद्ध, बायका, मुले मिळून सुमारे हजार माणसे त्यांत होती. प्रतिनिधी लंडनलाही गेले. तिथे अपील न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला, पण लॉर्ड डेनिंग यांनी निकालात नमूद केले की दिलेली वचने कोणत्याही संसदेने कमी करू नयेत. ओटावात त्याआधी घाईघाईने हक्क लिहिले गेले आणि ५ नोव्हेंबर १९८१च्या तडजोडीत तेवढ्याच चटकन गाळलेही गेले. पुन्हा निदर्शने झाली. अखेर कलम परत आले, पण अल्बर्टाचे प्रीमियर पीटर लॉगहीड यांच्या आग्रहाने हक्कांच्या आधी ‘विद्यमान’ हे विशेषण चिकटवून. जे आधीच बुडाले ते बुडाले, नवे काही मिळणार नाही, असा प्रांतांचा हिशेब होता.

तो हिशेब १९९०मध्ये चुकला. मस्क्विम समाजाच्या रोनाल्ड स्पॅरो यांना फ्रेझर नदीच्या मुखाशी परवान्यापेक्षा लांब जाळे लावले म्हणून १९८४मध्ये पकडले होते: परवाना २५ फॅदमचा, जाळे ४५ फॅदमचे. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नियम घातले म्हणून हक्क मरत नाही. तो संपवायचा असेल तर राजसत्तेचा हेतू स्पष्ट आणि निःसंदिग्ध दिसला पाहिजे. आणि १९८२नंतर सरकारला हक्काला मुरड घालायची असेल, तर त्याचे समर्थन सरकारनेच करायचे. मासळीच्या संवर्धनानंतरचा पहिला वाटा मूलनिवासींचा. हे कलम मूलभूत स्वातंत्र्यांच्या सनदेच्या बाहेर आहे. त्यामुळे प्रांतांना ‘तरीही’चे कलम वापरून सनदेतली काही स्वातंत्र्ये बाजूला ठेवता येतात, तशी ही सोय इथे नाही. न्यायालयाने सरकारच्या खांद्यावर राजसत्तेच्या इभ्रतीचे ओझे ठेवले, आणि पुढचे सारे निकाल त्याच पायावर उभे राहिले.

सहाच वर्षांत न्यायालयाने हात आखडता घेतला. स्टोलो समाजाच्या डोरोथी व्हॅन डर पीट यांनी दहा साल्मन पन्नास डॉलरला विकले होते. १९९६च्या निकालात कसोटी अशी लागली की युरोपीयांच्या आगमनापूर्वी जी रीत त्या समाजाच्या संस्कृतीचा गाभा होती तिलाच हक्काचे संरक्षण. मासे धरणे गाभा, विकणे नव्हे, म्हणून बाई हरल्या. मला हा या कलमाच्या इतिहासातला सर्वांत दुबळा निकाल वाटतो. एखाद्या समाजाला परक्या जहाजाच्या येण्याच्या तारखेला खिळवून टाकायचे आणि त्यानंतर तो जे शिकला, त्याने जे कमावले ते हक्कात मोजायचे नाही, ही कसोटी आपल्यापैकी कोणी स्वतःच्या समाजाला लावू देईल का? माझ्या वाचनात तरी तिचे पटण्याजोगे समर्थन आलेले नाही.

डेल्गामूक खटल्याला या साऱ्यात वेगळेच स्थान आहे. गिटसान आणि वेट्सुवेटेन या ब्रिटिश कोलंबियातल्या दोन राष्ट्रांच्या कुलप्रमुखांनी ५८ हजार चौरस किलोमीटरवर हक्क सांगितला. खटला ३७४ दिवस चालला. त्यांचा पुरावा म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कुळात जपलेल्या कथा, गाणी, समारंभ, कोणत्या डोंगरापासून कोणत्या झऱ्यापर्यंत कोणाचे कुळ हे सांगणारे वाङ्मय. मेरी जॉन्सन या वृद्ध बाई साक्षीत कुळाचे गाणे म्हणू लागल्या, तेव्हा न्यायाधीश ॲलन मॅकइकर्न यांनी आपल्याला गाण्याचा कान नाही, ते ऐकून उपयोग नाही, असे सांगून पाहिले. बाईंनी गाणे म्हटलेच. १९९१मध्ये मॅकइकर्न यांनी दावा फेटाळला आणि त्या लोकांच्या जुन्या जगण्याचे वर्णन करताना इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जचे ‘ओंगळ, पाशवी, अल्पायुषी’ हे शब्द वापरले. १९९७च्या ११ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला: मौखिक इतिहासाला लिखित पुराव्याच्या बरोबरीने तोलले पाहिजे, आणि जमिनीवरचा हक्क म्हणजे नुसते शिकार-मासेमारीची मुभा नसून जमिनीवरचाच हक्क आहे. केवढा मोठा विजय! पण दाव्याचा निवाडा झाला नाही. खटला पुन्हा चालवा किंवा वाटाघाटी करा, एवढेच सांगितले. पुन्हा तो कधी चालला नाही. त्याच वेट्सुवेटेन भूमीतून पुढे कोस्टल गॅसलिंकची वायुवाहिनी निघाली. वाटेतल्या निवडून आलेल्या परिषदांनी कंपनीशी करार केले होते, वंशपरंपरागत प्रमुखांनी नकार दिला. २०२०च्या फेब्रुवारीत पोलिसांनी छावण्या हटवल्या आणि पाठिंब्यासाठी देशभर रेल्वेमार्ग अडवले गेले. सर्वोच्च न्यायालयात जिंकलेल्या माणसांना आपल्याच रानात बेड्या पडल्या. कुलप्रमुखांचा शब्द चालायचा की इंडियन ॲक्टने घडवलेल्या परिषदांचा, हा प्रश्न कलम ३५ने आजवर सोडवलेला नाही.

तहांच्या बाबतीत डोनाल्ड मार्शल धाकटे यांची कहाणी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नोव्हा स्कोशियाचा हा मिगमाक माणूस. सतराव्या वर्षी न केलेल्या खुनाचा आळ येऊन जन्मठेप झाली आणि अकरा वर्षे तुरुंगात गेली; नंतर निर्दोष ठरला. १९९३च्या ऑगस्टमध्ये त्याने पॉमकेट बंदरात ४६३ पौंड वाम धरून ७८७ डॉलर १० सेंटला विकली, आणि परवान्याशिवाय विकल्याबद्दल त्याच्यावर खटला भरला. त्याने १७६०-६१च्या तहाचा आधार घेतला. तहात मिगमाकांनी माल फक्त इंग्रजांच्या व्यापारकोठ्यांवर आणावा असे लिहिले होते. विकायला आणायचे तर धरायचा हक्क हवा, हे उघड आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर १९९९ला म्हटले आणि ‘माफक उपजीविके’पुरता व्यापाराचा हक्क मान्य केला. लॉबस्टरच्या धंद्यातले गोरे मच्छीमार चवताळले. बर्न्ट चर्च इथे सापळे तोडले गेले, बोटी एकमेकींवर घातल्या गेल्या. दोन महिन्यांत न्यायालयाने खुलासा काढला की सरकारला नियम करता येतील. माफक म्हणजे किती, हे मात्र सरकारने ठरवून दिलेच नाही. २०२०मध्ये सिपेक्नेकाटिक मिगमाकांनी आपली मासेमारी सुरू केली, तेव्हा लॉबस्टर साठवण्याचे एक गोदाम जाळले गेले. निकालाला एकवीस वर्षे उलटली होती.

एवढे खटले लढायला पैसा कुठून येतो, किती समाज या वाटेवर दमून बसले, याचा हिशेब कोणत्याच निकालपत्रात नसतो. हायडा राष्ट्राच्या खटल्यातल्या २००४च्या निकालाने थोडा दिलासा दिला: हक्क सिद्ध होण्याआधीही, दावा माहीत असताना सरकारने आधी सल्लामसलत करायची. पण सल्लामसलत म्हणजे संमती नव्हे, हेही लगेच स्पष्ट झाले. आज कॅनडात खाणीपासून धरणापर्यंत प्रत्येक प्रकल्पात हे सल्लामसलतीचे कागद तयार होतात आणि पुष्कळदा त्यांचा उपयोग प्रकल्प पुढे रेटण्यासाठीच होतो. २०१४मध्ये चिलकोटिन राष्ट्राने ३३९ दिवसांच्या खटल्यानंतर सुमारे १,७५० चौरस किलोमीटरवर हक्क सिद्ध केला. देशात न्यायालयाने असा जमिनीचा हक्क जाहीर केला तो प्रथमच. २०२१मध्ये ब्लूबेरी रिव्हर समाजाच्या खटल्यात ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले: एकेक रस्ता, एकेक विहीर मंजूर करता करता आठव्या तहाचा प्रदेशच उजाड झाला, तर ते एकत्रित नुकसानही तहाचा भंग ठरते.

तरीही वचनभंगाचा सगळ्यांत उघडा पुरावा रॉबिन्सन तहांचा आहे. १८५०मध्ये माणशी वार्षिक रक्कम दीड डॉलरच्या आसपास होती. जमिनीतून उत्पन्न वाढले आणि तोटा न होता देता आले तर रक्कम वाढवू, असे तहात लिहिले होते. १८७५मध्ये ती चार डॉलर झाली आणि तिथेच थांबली. दरम्यान सडबरीच्या परिसरातून निकेल निघाले, जंगले तोडली गेली, रेल्वे आली, सरकारी तिजोऱ्या भरल्या. जवळजवळ दीडशे वर्षे अनिशिनाबे माणसाला चार डॉलर. २६ जुलै २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की राजसत्तेने या बाबतीत विश्वास ठेवण्याजोगे वर्तन केले नाही. ह्यूरन तहाच्या बाजूला त्याआधीच दहा अब्ज डॉलरची तडजोड मिळाली होती. सत्याला एवढा उशीर लागावा, याचा राग येतो. आणि ज्यांनी ती रक्कम पाहण्याआधी डोळे मिटले, त्यांचे काय, हा प्रश्न राहतोच.

कलमाच्या चौकटीवरच आक्षेप घेणारे विचारवंत आहेत. ग्लेन कुलथार्ड यांनी २०१४च्या पुस्तकात मांडले की मान्यता देणारा आणि घेणारा अशी मांडणी झाली की सत्ता देणाऱ्याकडेच राहते. समाजाने स्वतःच्या बळावर उभे राहावे. दुसऱ्या टोकाला टॉम फ्लॅनगन यांच्यासारखे लेखक म्हणतात की समान नागरिकांच्या देशात वंशावर आधारित हक्क नकोतच. फ्लॅनगन यांच्या म्हणण्यात एक मूलभूत चूक आहे: तहाचे हक्क वंशामुळे मिळालेले नाहीत, करारामुळे मिळालेले आहेत, आणि करार समान नागरिकालाही पाळावा लागतो. कुलथार्ड यांच्याशी वाद घालणे अवघड आहे. पण ज्या समाजाच्या रानात उद्या खाण येणार आहे, त्याला कोर्टाची पायरी टाळता येत नाही, हेही खरे.

स्वशासनाचा हक्क कलम ३५मध्ये आहे की नाही, यावर १९८३ ते १९८७ चार परिषदा झाल्या आणि फसल्या. तो स्पष्ट लिहिणारा शार्लटटाउन करार १९९२च्या सार्वमतात पडला. न्यायालयाने फेब्रुवारी २०२४मध्ये बालकल्याणाचा कायदा उचलून धरताना तो प्रश्न बऱ्याच अंशी मोकळाच ठेवला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ब्रिटिश कोलंबियाने हायडा ग्वाई या द्वीपसमूहाच्या साऱ्या भूमीवर हायडांचा हक्क करारानेच मान्य केला, खासगी घरांना धक्का न लावता. मला ही वाट सर्वांत आशेची वाटते. याउलट २०२५च्या ऑगस्टमध्ये काउइचन राष्ट्राने पाचशेहून अधिक दिवसांच्या खटल्यानंतर रिचमंड शहरातल्या काही जमिनीवर हक्क मिळवला, आणि घरमालकांत घबराट पसरली. तो निकाल अपिलात आहे. घबराट पसरवणारे राजकारणी एक गोष्ट सांगत नाहीत: ज्या जमिनी सरकारने आपल्या नसताना विकल्या, त्याचा दोष विकत घेणाऱ्याचाही नाही आणि काउइचनांचाही नाही.

इतरत्र काय आहे? अमेरिकेच्या घटनेने तह हे सर्वोच्च कायद्याचा भाग ठरवले, पण १९०३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काँग्रेसला एकतर्फी तह मोडण्याची मुभा दिली. ब्लॅक हिल्स या डोंगरांसाठी १९८०मध्ये मंजूर झालेली भरपाई लाकोटांनी आजवर घेतलेली नाही. त्यांना डोंगर हवे आहेत. न्यूझीलंडकडे एका ठिकाणी लिहिलेली घटनाच नाही, १८४०चा वैतांगी तह संसदेच्या मर्जीवर आहे. त्याचा अर्थ आकुंचित करणारे विधेयक एप्रिल २०२५मध्ये ११२ विरुद्ध ११ मतांनी पडले; त्याविरुद्ध हजारो माणसे रस्त्यावर उतरली होती. ऑस्ट्रेलियात २०२३च्या सार्वमतात मूलनिवासींना घटनेत साधे सल्लागार मंडळ देण्याचा प्रस्ताव सहाही राज्यांनी नाकारला. लेखी कलम नसले की हक्क बहुमताच्या लहरीवर राहतो, हे या शेवटच्या दोन देशांतून दिसते.

आपल्याकडे वाट वेगळी आहे. पाचव्या अनुसूचीतले संरक्षण, पेसा, वनहक्क कायदा यांचा आधार तह नाही, घटनाकर्त्यांनी आणि संसदेने केलेली तरतूद आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९मध्ये १,८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला तो याच मार्गाने. करार घटनेत शिरल्याचे ठळक उदाहरण म्हणजे नागालँडचे कलम ३७१-अ. १९६०च्या सोळा कलमी समझोत्यातून ते आले. पण नाशिकला लागूनच एक जुनी गोष्ट आहे. इंग्रजांनी १८४२मध्ये डांगच्या भिल्ल राजांकडून जंगल भाडेपट्ट्याने घेतले. त्या राजांच्या वंशजांना आजही दरवर्षी होळीआधी आहव्याच्या डांग दरबारात सरकार पेन्शन देते. जंगल मात्र केव्हाच वनखात्याचे झाले. डांगमधल्या दरबाराचे आणि प्रेअरीतल्या ट्रीटी डेचे नाते आपल्या अभ्यासकांनी तपासायला हवे. मला तरी ते फार जवळचे वाटते.

कॅनडात राहणाऱ्या मराठी माणसांचा यात थेट भाग आहे. जून २०२१पासून तिथल्या नागरिकत्वाच्या शपथेत, मूलनिवासींचे आणि तहांचे हक्क मान्य करणारी घटना मी निष्ठेने पाळीन, असे शब्द आले आहेत. मिसिसागा, ब्रॅम्प्टन, टोरांटोत घर घेणारे आपले लोक हे शब्द उच्चारूनच नागरिक होतात. टोरांटोची जमीन १७८७च्या व्यवहारात घेतल्याचे सांगितले जात होते. नंतर तो दस्त पाहिला तर तो कोरा निघाला. तीन प्रमुखांच्या खुणा वेगळ्या कागदावर करून त्याला चिकटवल्या होत्या. मग १८०५मध्ये अडीच लाख एकर दहा शिलिंगांत पक्के करून घेतले. त्याची भरपाई ‘मिसिसागाज ऑफ द क्रेडिट’ या मूलनिवासी राष्ट्राला २०१०मध्ये मिळाली, १४५ दशलक्ष डॉलर. तेव्हा शपथ घेतलेल्या प्रत्येक मराठी वाचकाला माझी विनंती आहे: आपले घर कोणत्या तहाच्या भूमीवर आहे ते शोधून काढा, त्या तहातले कोणते वचन थकले आहे ते वाचा, आणि पुढल्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला त्याबद्दल स्पष्ट विचारा.